विमानाचा लँडिंग लाइट गाडीला: आधी मोजमाप, मग वायरिंग, दिवा शेवटी

विमानाचे लँडिंग लाइट गाडीला लावल्यावर तीन तक्रारी हमखास येतात. एवढा दांडगा दिवा, पण उजेड पिवळट. चार-पाच रात्रींत दिवा उडाला. स्विच गरम होऊन वितळला. दिव्यात खोट असल्यामुळे असं घडतं असं क्वचितच असतं. चूक कामाच्या क्रमात असते. लोक आधी दिवा आणतात, मग त्याला जागा शोधतात आणि वायरिंग हाताशी असेल त्या वायरीवर उरकून टाकतात. खालचा क्रम याच्या उलट आहे आणि तो मोडू नये.

सुरुवात करण्यापूर्वी: हे सार्वजनिक रस्त्यासाठी नाही

या दिव्यांच्या झोताला कापलेली कड नसते, म्हणजे उजेड वर जाऊ न देणारी हद्द नसते, त्यामुळे समोरच्या चालकाला काही क्षण काहीच दिसत नाही. रस्त्यावरच्या वाहनांना लागणारी मान्यतेची खूणही त्यांच्यावर नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक ४८ नुसार एकाच वेळी लागणाऱ्या सगळ्या हाय बीमची मिळून तीव्रता ४,३०,००० कँडेलाच्या (कँडेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं माप) वर जाता कामा नये. मोठ्या मापाचा एकच लँडिंग लाइट ही मर्यादा ओलांडतो. शेत, खासगी जमीन, रहदारीला बंद केलेला मार्ग, शोधकार्य, एवढंच याचं क्षेत्र. सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायची असेल तर दिव्यांवर अपारदर्शक झाकण आणि मेन फ्यूज काढलेला, हे दोन्ही हवं.

१. दिव्यावरचा नंबर वाचायला शिका

'पार' या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे काचेचा व्यास, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला. पार ३६ म्हणजे साडेचार इंच, साधारण ११४ मिमी. पार ४६ पावणेसहा इंच, पार ५६ सात इंच, पार ६४ आठ इंच. हे सीलबंद दिवे असतात: काच, आरसा आणि फिलामेंट एकाच तुकड्यात. मागे बहुधा दोन स्क्रू टर्मिनल येतात.

गाडीसाठी सोयीचा नंबर ४५०९. पार ३६, १३ व्होल्ट, १०० वॅट, १,१०,००० कँडेला, आयुष्य २५ तास. त्याच मापाचा ४३१३ हा १३ व्होल्ट, २५० वॅटचा. आणि ज्याचा मोह सगळ्यांना पडतो तो ४५५९: पार ६४, २८ व्होल्ट, ६०० वॅट, ६,००,००० कँडेला.

कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की तिथे किती लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडेल ते कळतं. एका ४५०९ चा उजेड १०० मीटरवर ११ लक्स आणि ३३० मीटरवर साधारण १ लक्स. दोन दिव्यांचे झोत एकमेकांवर पडले तर १ लक्सची हद्द ४७० मीटरच्या आसपास जाते. पण झोत अरुंद असतो. वळणाच्या आत, कडेच्या चरात, झुडपामागे काय आहे ते हा दिवा दाखवत नाही. जवळचा आणि कडेचा उजेड हवा असेल तर दुसरा दिवा बघा.

सावधान: २८ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टच्या गाडीत नको. निम्म्या व्होल्टेजवर फिलामेंट दिव्याची वीज साधारण एक तृतीयांश होते आणि उजेड मात्र जवळपास एक दशांशच उरतो. म्हणजे ६०० वॅटचा दिवा २०० वॅट खाऊन ६० वॅटच्या हेडलाइटइतकाही चमकत नाही. व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लावून हे सुटतं, पण ६०० वॅटसाठी तो बॅटरीकडून जवळपास ५० अँपिअर ओढतो, तेही एका दिव्यासाठी. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये चार्जिंग २८ व्होल्टच्या आसपास असतं, तिथे हे दिवे थेट चालतात. त्याच ट्रकमध्ये १३ व्होल्टचे दोन दिवे सिरीजमध्ये जोडायचा उद्योग करू नका. एक गेला की दोन्ही विझतात.

एलईडीचे पार ३६ दिवेही मिळतात. त्यांना कमी करंट लागतो आणि आयुष्य मोठं असतं. फक्त इनपुट व्होल्टेजच्या पल्ल्यात १२ ते १५ व्होल्ट येतात का ते बघा, प्लस-मायनस उलट करू नका आणि पाठीमागच्या अ‍ॅल्युमिनियमला वारा लागेल अशी जागा द्या. पुढचं सगळं फिलामेंट दिव्यांसाठी आहे. चुका तिथेच जास्त होतात.

२. गाडीची वीज मोजा

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात. ऑल्टरनेटरवर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्रावर) लिहिलेला आकडा पूर्ण आरपीएमचा असतो, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, त्याहून खूप कमी मिळतं. म्हणून आकडा वाचून भागत नाही, मोजावंच लागतं.

इंजिन गरम करा. हाय बीम, एसीचा पंखा पूर्ण वेगात, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू ठेवा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. आयडलला १३.५ व्होल्टच्या वर राहिलं तर ठीक. आता नकली लोड द्या. एच४ बल्बची (हेडलाइटचा नेहमीचा दोन फिलामेंटचा बल्ब) दोन्ही फिलामेंट एकदम लावली की साधारण ११५ वॅट होतात, म्हणजे असे दोन बल्ब ४५०९ च्या जोडीपेक्षा थोडे जास्तच वीज खातात. बल्ब धातूच्या ताटलीत ठेवून, मध्ये फ्यूज टाकून, एक-दोन मिनिटंच लावा. व्होल्टेज आयडलला १३ च्या खाली घसरत असेल तर थांबलेल्या गाडीत हे दिवे लावून ठेवायचे नाहीत. १५०० ते २००० आरपीएमलाही १३.५ मिळत नसेल तर तेवढ्या वॅटचे दिवे या गाडीला झेपणार नाहीत.

दुसरं मोजमाप वरच्या बाजूचं. फिलामेंट दिव्याचं आयुष्य व्होल्टेजला फार हळवं असतं. १३ व्होल्टच्या दिव्याला १४.२ मिळाले की आयुष्य साधारण एक तृतीयांश होतं: २५ तासांचे आठ. अलीकडच्या गाड्यांत ऑल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर ते १५ पर्यंतही जातं. १५ व्होल्टवर हाच दिवा चार तासांचा सोबती. म्हणून आयडल, मध्यम वेग आणि गाडी चालवताना अशी तिन्ही वेळा मोजणी करून आकडे लिहून ठेवा. 'चार रात्रींत दिवा उडाला' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच कागदावर सापडतं.

३. सामान

१०० वॅटच्या जोडीसाठी:

- बॅटरीपासून रिलेपर्यंत (रिले म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ६ चौरस मिमी तांब्याची वायर, ३० अँपिअरचा मेन फ्यूज
- रिलेपासून प्रत्येक दिव्यापर्यंत २.५ चौरस मिमी, प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज
- चार पायांचे ४० अँपिअरचे दोन रिले, सॉकेटसकट
- रिलेच्या कॉइलसाठी १ चौरस मिमी वायर, ३ अँपिअरचा फ्यूज, डॅशबोर्डवर इंडिकेटरवाला स्विच
- तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या कड्या), हीट श्रिंक स्लीव्ह, जाळीदार किंवा कापलेली प्लॅस्टिक नळी, रबरी ग्रोमेट
- ३ मिमी जाड लोखंडी पट्टी, एम८ बोल्ट, नायलॉक नट

२५० वॅटच्या जोडीला ही यादी पुरत नाही. तिथे मेन वायर १६ चौरस मिमी आणि फ्यूज ६० अँपिअर, प्रत्येक दिव्याला ६ चौरस मिमी आणि ३० अँपिअर, आणि रिले ७० अँपिअरचे.

फ्यूज असे का? १०० वॅटचा दिवा १३ व्होल्टला ७.७ अँपिअर घेतो आणि १४.२ ला आठच्या थोडा वर जातो. फ्यूज सतत तीन चतुर्थांशाहून जास्त भारावर ठेवू नये, म्हणजे निदान ११ अँपिअरचा हवा. शिवाय थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दसपटीहून जास्त करंट ओढतं. म्हणून १५. पण फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो. तो वायरीला आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे 'सारखा उडतो' म्हणून मोठा टाकणं म्हणजे पुढच्या वेळी वायरीलाच फ्यूज करणं.

तपासा: वायरीचं एक टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरट चमकली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट असतो आणि क्रिम्पखाली, म्हणजे लग दाबून बसवलेल्या जोडाखाली, ते कालांतराने सैल पडतं. ती वायर परत करा. बाहेरून जाड दिसणं हेही माप नाही. जाड असतं ते इन्सुलेशन.

४. ब्रॅकेट आणि जागा

दिवा ज्यात बसतो ती वाटी पत्र्याची हवी. ट्रॅक्टरच्या कामाच्या दिव्यांची रबरी वाटी पार ३६ च्याच मापाची असते आणि दिवा तिच्यात अगदी नेमका बसतोही. पण ती ३५ वॅटच्या हिशेबाची असते, १०० वॅटला रबर मऊ पडून दिवा पुढे कलंडतो. वाटीच्या मागे आणि आजूबाजूला किमान तीन बोटं मोकळी जागा सोडा. प्लॅस्टिकचा बंपर, रेडिएटरच्या पुढची प्लॅस्टिक जाळी, वायरिंगची नळी यांना काही टेकू नये. विमानात हा दिवा जोरदार वाऱ्यात असतो. उभ्या गाडीत तो वारा नाही.

ब्रॅकेट चॅसिसला किंवा लोखंडी बंपर बारला बोल्ट करा, प्लॅस्टिक बंपरला नको. एकाच बोल्टवर उभा केलेला दिवा खडबडीत वाटेवर थरथरतो आणि तापलेलं फिलामेंट हादऱ्याने तुटतं. खालच्या बोल्टशिवाय वाटीच्या वरच्या भागातून मागे एक आधारपट्टी द्या. मग हाताने दिवा धरून हलवा: अख्खी गाडी हलली पाहिजे, दिवा एकटा हलता कामा नये.

एअरबॅगचे पुढचे सेन्सर कुठे आहेत ते आधी शोधा. त्यांच्या समोर किंवा त्यांच्या बोल्टवर काहीही बसवू नका.

५. वायरिंग

बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा आणि मगच हात घाला. काम या क्रमाने करा.

(क) मेन फ्यूज बॅटरीपासून २० सेंटीमीटरच्या आत. त्यापलीकडे ठेवला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यातला तुकडा उघडा राहतो आणि तो कुठे घासला तर वाचवणारं काही नसतं. फ्यूज आत्ता होल्डरमध्ये घालू नका.

(ख) रिले पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी, पाय खाली करून बसवा. पाय वर असले की सॉकेटात पाणी साचतं. प्रत्येक दिव्याला वेगळा रिले द्या, म्हणजे एक बिघडला तरी अंधार होणार नाही.

(ग) जोडणी (आकडे रिलेच्या पायांचे): ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून दिव्याकडे, ८५ अर्थला (गाडीच्या धातूच्या बॉडीला, म्हणजे मायनसला), ८६ वर हाय बीमचा सिग्नल, मध्ये डॅशबोर्डवरचा स्विच. रिलेच्या आत डायोड असेल तर ८६ प्लस आणि ८५ मायनस हा क्रम पाळावाच लागतो. पाच पायांचा रिले आणला असेल तर मधला ८७ए मोकळा सोडा. त्यावर दिवा जोडला तर स्विच बंद असताना तो पेटतो.

(घ) हाय बीमचा सिग्नल गृहीत धरू नका, मोजा. हाय बीम लावल्यावर वायरीवर १२ व्होल्ट येत असतील तर वरची जोडणी बरोबर. काही गाड्यांत बल्बला प्लस कॉमन असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला. तिथे हाय बीम लावल्यावर त्या वायरीवर शून्य दिसतं. अशा गाडीत ८६ हेडलाइटच्या कॉमन प्लसवरून घ्या आणि ८५ त्या हाय बीमच्या वायरीला द्या. एलईडी हेडलाइटच्या गाड्यांत सिग्नल तुटक-तुटक येत असेल तर रिले टकटक करतो. तिथे वायर कापू नका, त्या गाडीसाठी बनवलेलं सिग्नल मॉड्यूल वापरा.

हाय बीमशी जोड तोडून नुसत्या स्विचवर दिवे लावणं टाळा. समोरून कुणी आलं की डिपर खाली करण्याच्या एकाच हालचालीत हे दिवेही विझले पाहिजेत. तेवढ्या वेळात डॅशबोर्डवर हात चाचपडत बसायला सवड नसते.

(च) अर्थ. उजेड पिवळट असण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. बॉडीवरचा रंग नाण्याएवढ्या गोलात खरवडा, धातू चमकू द्या, दातेरी वॉशर घालून लग घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. अर्थची वायरही प्लसइतकीच जाड हवी. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर लहानशी काळी डबी, म्हणजे करंट सेन्सर असतो, तिथे अर्थ बॅटरीच्या खांबाला न देता चॅसिसच्या ठरलेल्या अर्थ बोल्टला द्या. नाहीतर हा करंट गाडीच्या हिशेबात येत नाही आणि बॅटरी अर्धवट चार्ज राहते.

(छ) लग क्रिम्प करा. नुसतं सोल्डर केलेलं टोक हादऱ्याने सोल्डर संपतं तिथेच मोडतं. क्रिम्प झाल्यावर वायर जोरात ओढून बघा. हाताने निघाली तर ती वाटेत निघणारच होती. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे ग्रोमेट हवंच.

६. आधी साध्या बल्बवर चाचणी

पंचवीस तासांचा दिवा चाचणीत जाळू नका. दिव्याच्या टोकांना एच४ बल्ब लावा, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडून. बॅटरी जोडा, मेन फ्यूज घाला, इंजिन चालू करा.

मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर. दिवे पेटलेले असताना एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं दिव्याच्या प्लस टर्मिनलवर. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग बॅटरीचा मायनस आणि दिव्याचा मायनस: ०.२ च्या आत. दिवे बंद ठेवून ही मोजणी केली तर तिला काही अर्थ नाही, कारण करंट वाहत असतानाच व्होल्टेज पडतं.

हा अर्धा व्होल्ट क्षुल्लक वाटतो. पण तेरातला अर्धा व्होल्ट गेला की उजेड सुमारे १२ टक्क्यांनी घटतो आणि एक व्होल्ट गेला की जवळपास पाव भाग. आकडा जास्त आला तर एकेक जोड ओलांडून मोजत जा: फ्यूजच्या दोन बाजू, रिलेचा ३० आणि ८७, मग लग. जिथे आकडा एकदम उडी मारतो तो जोड खराब. पाच मिनिटांनी प्रत्येक जोडाला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर पुन्हा करा.

एक फसगत: थंड ४५०९ चा रोध मीटरवर ०.१ ते ०.२ ओहम दिसतो. दिवा शॉर्ट आहे असं समजून लोक तो परत करतात. थंड फिलामेंट असंच मोजतं, तापल्यावर तोच रोध १.७ ओहमच्या आसपास असतो.

७. दिवा बसवा आणि फिरवा

बॅटरी सोडा, एच४ काढा, लँडिंग लाइट लावा. फिलामेंट दिव्याला प्लस-मायनस नसतो, कुठलाही स्क्रू कुठेही चालतो. फक्त लगचा उघडा भाग वाटीच्या पत्र्याला टेकू देऊ नका.

दिवा वाटीत धरून ठेवणारी रिंग पूर्ण आवळण्याआधी इंजिन बंद ठेवून भिंतीसमोर दिवा क्षणभर लावा. भिंतीवरचा डाग गोल नसतो, लांबट असतो. ती लांबी आडवी आली पाहिजे. दिवा नव्वद अंशात फिरलेला असेल तर पट्टा उभा पडतो: अर्धा उजेड झाडांच्या शेंड्यांवर, अर्धा बंपरसमोरच्या मातीत. दिवा वाटीतच फिरवून पट्टा आडवा करा आणि मग रिंग आवळा. इतकी सोपी गोष्ट, पण 'झोत लागतच नाही' म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण ब्रॅकेट वाकवत बसतात.

८. झोत लावणे

सपाट जमीन, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस आणि मागे नेहमीइतकं सामान. रिकाम्या गाडीत लावलेला झोत भरलेल्या गाडीत वर जातो. एक अंशाचा फरक १० मीटरवर १७ सेंटीमीटर होतो.

भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर आडवी चिकटपट्टी लावा. दोन दिव्यांमधल्या अंतराइतक्या अंतरावर दोन उभ्या खुणा करा. एक दिवा झाका, दुसरा लावा. सगळ्यात तेजस्वी ठिपका आपापल्या उभ्या खुणेवर आणि आडव्या पट्टीच्या २ सेंटीमीटर खाली हवा. दिवा ८० सेंटीमीटर उंचीवर असेल तर या हिशेबाने झोताचा मध्य ४०० मीटरवर जमिनीला टेकतो. ५ सेंटीमीटर खाली ठेवलात तर १६० मीटरवरच टेकेल.

झोत खाली ठेवणं सुरक्षित वाटतं, पण बंपरपुढची जमीन लख्ख उजळली की डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचं उलट अंधारं होतं. दिव्याचं कामच लांबचं आहे.

उभ्या गाडीत दिवा सलग एक-दोन मिनिटांहून जास्त ठेवू नका. झोत लावताना मध्येमध्ये विझवा, आणि तापलेल्या काचेवर पाणी किंवा ओलं फडकं लागू देऊ नका, काच तडकते.

९. पहिल्या दोन-तीन रात्री

खडबडीत वाटेवर तासभर चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास थोडे सैल झालेले असतात. फ्यूज होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय का बघा. पडलं असेल तर पकड सैल आहे, होल्डरच बदला. दिवे किती वेळ जळले ते लिहून ठेवा. वीस तासांच्या आसपास आलात की एक नवा दिवा, लहान स्क्रूड्रायव्हर आणि दोन फ्यूज गाडीत असू द्या. दोन्ही दिवे एकाच दिवशी बसवलेले असतील तर ते जाण्याची वेळही जवळपास एकच असते, म्हणून एक गेला की दुसराही तेव्हाच बदला आणि काढलेला चालू दिवा खोक्यात जपून, गाडीतच ठेवा.